हे इथे रोज असतात

"आणि हे कोण?" पाहुण्याने माझ्याकडे बघत विचारलं.

"हे? हे इथे रोज असतात."

झाली माझी ओळख करून. मैदानाच्या कोपऱ्यात विजेचा खांब आहे, तोही इथे रोज असतो. पाहुण्याने मान हलवली, दोघं पुढे निघून गेले आणि मी आणि खांब मागे राहिलो.

ज्यांनी ही ओळख करून दिली त्या गृहस्थांबरोबर मी कित्येक महिने संध्याकाळी चालतो आहे. त्यांची उपाशीपोटी साखर किती आणि जेवणानंतर किती, हे मला पाठ आहे. त्यांचा डावा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. जावयाने नोकरी बदलली ती सासऱ्याला न विचारता. थोरल्या भावाने वाटणीत आरशाचं कपाट लाटलं आणि त्या आरशाचा एक कोपरा उडालेला आहे. कोणता, तेही सांगतो. खालचा डावा. एखाद्याच्या भावाच्या कपाटाच्या आरशाचा कोपरा ठाऊक असणं ही मैत्री नसेल, तर मग मैत्री म्हणजे काय, हे एकदा कोणीतरी मला लिहून द्यावं.

असो. खरा कहर पुढे झाला. हा सगळा प्रकार बाकाशेजारी व्यायाम करणाऱ्या एका गृहस्थांनी ऐकला. वय सत्तरीच्या आसपास, पायात पांढरेशुभ्र बूट. दोन्ही हात खांद्यातून गरागरा फिरवायचे आणि मोठ्याने मोजायचं, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. मोजणी थांबवायची नाही आणि बोलणंही सोडायचं नाही, असा त्यांचा बाणा.

"एकवीस, बावीस... लागलं ना मनाला? तेवीस."

"छे हो. त्यात काय लागायचंय?"

"चोवीस. लागलंय. चेहरा उतरलाय तुमचा. पंचवीस. मैत्री करायला गेला होतात?"

हा प्रश्न त्यांनी अशा सुरात विचारला, की मला आधी खिसे तपासावेसे वाटले.

"तसं काही नाही, रोजची ओळख..."

"सव्वीस. पहिले आहेत का?"

"पहिले काय?"

"मित्र हो! सत्तावीस. आधीचे, जुने."

"आहेत की. चौघं आहेत."

"हयात?"

"हो, हयात आहेत."

"अठ्ठावीस. चौघंही?"

"चौघंही."

"मग भांडण झालं असेल. पैशांवरून. एकोणतीस."

"भांडण नाही, तंटा नाही. उत्तम चाललंय. लांब राहतात, एवढंच."

आता मात्र हात थांबले. दोन्ही वरच्या वर, आडवे. दोन बायका आमच्या बाजूने चालत येत होत्या, त्या पुढे जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले आणि मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "म्हणजे चांगले चार जुने असताना तुम्ही बाहेर... त्यांना माहीत आहे?"

"काय माहीत असायचंय त्यांना?"

"हेच. इथे तुमचं जे चाललंय ते."

मी काही चोरून करत नाही, हे त्या माणसाला मी पटवून का देत होतो, देव जाणे. पण दिलं. म्हटलं, "अहो, जुने मित्र जीव की प्राण आहेत, पण मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला ते माझ्याबरोबर चालायला येऊ शकत नाहीत."

"मग एकटे चाला. मी फिरवतोच ना हात एकटा? मला मित्र नाही. शेवटचा होता तो कॉलेजात."

"काय झालं त्याचं?"

"काय व्हायचंय? समोरच्या इमारतीत राहतो."

"बोलत नाही का तुमच्याशी?"

"बोलतो की. रोज येतो, तासभर बसतो. पण मित्र नाही." मग एक बोट वर करून म्हणाले, "मैत्री म्हटली की अपेक्षा येते आणि अपेक्षेमागून रक्तदाब. तुमचा आत्ता मोजा, कळेल."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. "कितीवर होतो मी?"

"एकोणतीस."

"नाही, बत्तीस."

"एकोणतीस. मी ऐकत होतो."

"तुम्ही कुठले ऐकताय, तुमचं लक्ष त्या दोघांकडे. घालवलीत माझी मोजणी! आता आलं का पुन्हा एकपासून?" आणि माझ्याकडे पाठ करून, मला ऐकू जाईल अशा बेताने, त्यांनी सुरू केलं. "एक."

अपमान झाला की मी घरी येऊन काहीतरी वाचत बसतो. त्याने अपमान जात नाही, पण त्याला आकडे तरी चिकटतात. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि कॉलेजात नव्याने आलेली मुलं नव्या ओळखीच्या माणसांबरोबर किती वेळ घालवतात, हे त्यांनी पाहिलं. निष्कर्ष असा, की नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात, 'मित्र' म्हणण्याजोगं व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. मी लगेच हिशेब मांडला. आमच्या मैदानाला दोन फेऱ्या म्हणजे वीस मिनिटं. 200 तासांना 600 दिवस. त्यातून पाऊस, त्यांचा गुडघा आणि जावयाकडचे मुक्काम वजा करा. शिवाय तासभर एकच माणूस बोलत असेल, तर ऐकणाऱ्याच्या खात्यावर पूर्ण तास जमा होतो की अर्धा? मला निदान कपाटाच्या प्रकरणाचे जादा तास मिळायला हवेत.

त्याहून जुनं एक संशोधन आहे, 1950 सालचं. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची मैत्री कोणाशी जमते, ते तपासलं. स्वभाव, आवडीनिवडी वगैरे सगळं मागे पडलं. दार कोणाच्या दाराशेजारी आहे, यावर पुष्कळसं ठरत होतं. ज्यांची घरं जिन्यापाशी आणि पत्रपेट्यांपाशी होती त्यांना जास्त मित्र, कारण येता-जाता माणसं त्यांच्यावरून जायची. हे वाचून मी आमच्या इमारतीच्या पत्रपेट्यांजवळ जरा रेंगाळून पाहिलं. हल्ली पत्रं कोणाला येतात? रखवालदाराने येऊन विचारलं, "कोणाला शोधताय, साहेब?"

खरं उत्तर द्यायचा मोह झाला होता.

माझी तक्रार मात्र खरी आहे आणि ती विनोदात घालवायची माझी इच्छा नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने दुसऱ्याशी आपणहून दोन शब्द गोड बोलले, की समोरच्याच्या मनात तीनच शक्यता येतात. हा विमा विकणार, हा उसने मागणार किंवा हा निवडणुकीला उभा आहे. आणि लोकांचंही चुकत नाही, हे अधिक वाईट. मध्यंतरी वाचनालयात एकजण भेटले होते. पुस्तकांवर बोलले, छान बोलले, माझं ऐकूनही घेतलं. नंबर मागितला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की एक चांगला माणूस भेटला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "तुमच्याकडे रोज दोन तास मोकळे असतात का?" मला काय आनंद झाला! रोज दोन तास म्हणजे 200 तास शंभर दिवसांत. म्हटलं, असतात. मग त्यांनी सांगितलं, की मी माझ्याखाली सहा माणसं जोडायची, त्या सहांनी प्रत्येकी सहा जोडायची आणि आम्ही सगळ्यांनी मिळून साबण विकायचा.

आणि जे काहीच विकत नाहीत ते म्हणतात, "भेटू एकदा निवांत." हा 'एकदा' कोणत्याच पंचांगात सापडत नाही.

शाळेत मित्र शोधावे लागत नसत, त्यांचं वाटप होत असे. बाईंनी उंचीप्रमाणे बसवलं, आम्ही दोघं बुटके म्हणून पहिल्या बाकावर शेजारी आलो, आणि तो माझा आजतागायतचा सगळ्यात जवळचा मित्र. पुढे तो सहा फूट झाला, पण तोवर फार उशीर झाला होता. त्याचा फोन येतो तेव्हा 'हॅलो' नसतं, 'कसा आहेस' नसतं. थेट सुरुवात. "अरे, त्या भूगोलाच्या सरांच्या छत्रीचं शेवटी काय झालं होतं?" आणि मला ते माहीत असतं! नव्या माणसाला त्या छत्रीपर्यंत आणायचं, तर आधी शाळा सांगावी लागते, मग सर सांगावे लागतात, मग त्या दिवशीचा पाऊस सांगावा लागतो आणि एवढं सगळं झाल्यावर तो म्हणतो, "अच्छा."

पण या चौघांचंही कौतुक किती करायचं, याला मर्यादा आहे. त्यांच्या लेखी मी अजून 'शेंबड्या' आहे. मला जवळचं वाचायला चष्मा लागतो, गर्दीत जीव घाबरतो, रात्री तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही, हे त्यांना सांगितलं तर म्हणतात, "तू? काहीतरीच." आठवीपर्यंतचा मी त्यांना तोंडपाठ आहे. गेल्या आठवड्यातला मी त्यांना ठाऊक नाही. त्यांना भेटायचं ठरवावं, तर ग्रुपवर तारखांवर मतदान होतं आणि एकमत होईपर्यंत ती तारीख उलटून गेलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2011 मध्ये 30 जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्री दिवस म्हणून जाहीर केला. त्या दिवशी चौघांकडून मला गुलाबाचं एकच चित्र येतं. एकाचं 31 ला येतं.

म्हणजे छत्री कळणारे चौघं लांब आणि मंगळवारी साडेसहाला जो शेजारून चालतो त्याला मी खांब.

रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या कळपाचा आकार यांची सांगड घालून गणित मांडलं, की माणसाला साधारण 150 जणांशीच खरे संबंध ठेवता येतात. त्याच्या आत 50 बरे मित्र, त्याच्या आत 15 आणि अगदी आत 5. प्रेमात पडलेल्या माणसाचे त्या आतल्या गोटातले सरासरी दोन जण गळतात, असंही त्यांनी सांगितलं आहे. (हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कोणते दोन? नावं सांग." मी वाचन थांबवलं.) बाहेरच्या बाजूलाही वर्तुळं आहेत. 500 तोंडओळखीचे आणि 1500 असे, ज्यांचा चेहरा पाहिला की नाव आठवतं. मी माझ्या चालणाऱ्या गृहस्थांना पन्नासात धरून बसलो होतो. त्यांच्याकडे मी पंधराशातही नसणार. तिथे नाव लागतं.

एक दिलासा मिळाला होता. 2018 मधलाच दुसरा एक अभ्यास सांगतो, की अनोळखी माणसाशी गप्पा झाल्यावर आपण त्याला कितपत आवडलो, याचा आपला अंदाज सहसा कमीच असतो. प्रत्यक्षात आपण जास्त आवडलेलो असतो. हे मी दोन दिवस मनाशी धरून होतो. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ समोरून आले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "काय हो, काल दिसला नाहीत?" माझं मन भरून आलं. मग ते म्हणाले, "किल्ली सापडली का कोणाला, विचारायचं होतं."

शेवटी न राहवून शाळेतल्या बाकावरच्या मित्राला फोन लावला. सगळं सांगितलं, खांबासकट. तो इतका हसला, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसू ओसरल्यावर एकदम गप्प झाला.

"पण तू नवीन मित्र कशाला करतोयस?" म्हणाला. "आम्ही मेलो का?"

"अरे, तसं नाही..."

"त्याला सहावीतलं सांगितलंस? सहलीचं?"

"नाही रे."

"सांगू नकोस. ते आपलं आहे."

मला हे ऐकून किती बरं वाटलं, ते त्याला कळू दिलं नाही. म्हटलं, आता सविस्तर बोलू, हात फिरवणाऱ्या माणसाची गोष्ट तर अजून राहिली आहे. पण तो म्हणाला, "उद्या बोलू, मला खेळायला जायचंय, खाली थांबलेत."

"कोण थांबलेत?"

"आहेत इथले दोघं-तिघं. गेली दोन वर्षं खेळतो ना आम्ही."

दोन वर्षं! मला एका शब्दाने बोलला नाही. मी अगदी सहज, काही विशेष नाही अशा आवाजात त्यांची नावं विचारली.

"तुला काय करायचंय?" तो म्हणाला, आणि फोन ठेवला.