आठ माणसं, एक बोट आणि तलावपाळीचा कठडा

रविवारी संध्याकाळी ठाण्यात गडकरी रंगायतनच्या बाजूला तलावपाळीच्या कठड्यावर बसलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता, म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. विषय मीच काढला. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथल्या लाँगहोप लाइफबोट केंद्राबद्दल, म्हणजे समुद्रात अडकलेल्यांना सोडवायला बोट पाठवणाऱ्या केंद्राबद्दल, वाचल्यापासून मला चैन नव्हतं.

केंद्र १८७४ सालचं. समोर पेंटलंडची सामुद्रधुनी. अटलांटिक आणि उत्तर समुद्राचं पाणी तिथून ये-जा करतं, आणि ओढ एकीकडे, वारा दुसरीकडे असला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. १७ मार्च १९६९ च्या रात्री वादळात 'आयरीन' नावाचं जहाज संकटात सापडलं. 'टी.जी.बी.' ही केंद्राची बोट तिथल्याच आठ गावकऱ्यांना घेऊन निघाली. तांडेल डॅन कर्कपॅट्रिक, शौर्यासाठी तीन रौप्यपदकं मिळवलेला माणूस. त्याच्यासोबत त्याचे दोन मुलगे. आणखी एक बाप, त्याचेही दोन मुलगे. साडेनऊच्या आसपास संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी बोट उलटलेली सापडली. आठही जण गेले.

"आणि ते जहाज?" मंग्याने विचारलं.

जहाज किनाऱ्याला लागलं होतं. किनाऱ्यावरच्या लोकांनी जहाजापर्यंत दोर टाकला आणि त्यावरून एकेकाला ओढून सतराच्या सतरा खलाशी सुखरूप काढले.

नित्या उसळलाच. "म्हणजे फुकट गेले की रे ते! एका घरातले तिघं एकाच होडीत पाठवायचे? हे काम पगारी दलाचं, सरकारचं. गावकऱ्यांच्या चांगुलपणावर काय समुद्र राखतात?"

मी म्हणालो, त्यांच्याकडे हा वाद जुना आहे. अशी लाइफबोट केंद्रं चालवणारी ब्रिटनमधली आरएनएलआय ही संस्था १८२४ मध्ये लोकवर्गणीतून उभी राहिली. १८५४ पासून सरकारी अनुदान घेतलं, १८६९ मध्ये थांबवलं. आजही मुख्यतः देणग्या आणि स्वयंसेवकांवरच चालते.

"चालते म्हणून बरोबर आहे असं थोडंच," नित्या म्हणाला. हा मुद्दा त्याचा खरा होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे तटरक्षक दल आहे, समुद्रातल्या मदतीसाठी १५५४ नंबर आहे, ठाण्यात महापालिकेचं आपत्ती प्रतिसाद दल आहे. ते असायलाच हवं.

प्रवीण इतका वेळ गप्प होता. तो चेंदणी कोळीवाड्यातला. चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "रामदास बोट आठवा. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली, वाटेत बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. जी वाचली, त्यातली कितीतरी कोळ्यांनी होडीत ओढून घेतली. त्यांना कुठे पगार होता? पण ते तिथे होते, हा योगायोग. लाँगहोपला योगायोग नव्हता. रात्री हाक आली की निघायचं, हे आधीच ठरलेलं. जहाज किनाऱ्याला लागणार आहे, हे बोट निघाली तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

मला इतके दिवस जे सांगता येत नव्हतं, ते हेच. निकाल पाहून त्यांचं जाणं फुकट ठरवता येत नाही. बोट निघते तेव्हा निकाल कुणाच्याच हातात नसतो.

नित्या मात्र बोटीवर अडला. उलटल्यावर सरळ होणारी बोट त्यांना का दिली नाही? 'टी.जी.बी.' त्या जातीची नव्हती, हे खरं. पुढे कायमची बोट आली ती आपोआप सरळ होणारी. त्याआधी समुद्राने आठ जणांचा घास घेतला. याचा राग मलाही आहे.

"पण पुढच्या बोटीवर चढलं कोण?" प्रवीणने विचारलं.

त्याच बेटावरची माणसं, मी सांगितलं. नवे खलाशी उभे राहिले आणि केंद्र पुन्हा सुरू झालं. ऑस्मंडवॉलच्या दफनभूमीत त्या आठ जणांसाठी ब्राँझचा लाइफबोटवाला उभा केलाय, समुद्राकडे तोंड करून.

नित्याने तोंड उघडलं, मग काही न बोलता तळ्याकडे बघत बसला.