विहिरीचं नंतर बघू

२७ मार्च २०१९, बुधवार. रात्री दहाच्या सुमारास मी ओट्याशी उभी होते. गॅसवर आमटी, हातात फोन, फोनवर ब्रिटिश संसद. ब्रेक्झिटचं, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याचं, काय करायचं याचे आठ पर्याय खासदारांपुढे ठेवले होते. करार न करता बाहेर पडायचं, कस्टम्स युनियनमध्ये (म्हणजे युरोपशी जकात एकच ठेवून) राहायचं, नॉर्वेसारखं अर्धं आत अर्धं बाहेर राहायचं, पुन्हा सार्वमत घ्यायचं, सगळंच रद्द करून टाकायचं, वगैरे. सभापती जॉन बर्काव एकेक निकाल वाचत होते. पहिला नामंजूर. दुसरा नामंजूर. आठच्या आठ नामंजूर. आमटी उतू गेली ती वेगळीच.

पाचच मिनिटांत सांगलीहून मामेभावाचा मेसेज आला. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले, हा जागा. "आठातलं एकही नाही? ताई, मग पाहिजे तरी काय यांना?"

हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. गेल्या गणपतीत इथे ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या जेवणात पुन्हा तोच विषय निघाला. एका काकांनी श्रीखंड वाढता वाढता निकाल देऊन टाकला, "त्या वर्षी यांच्या पार्लमेंटनं जगभर शोभा करून घेतली. लोकांनी सांगितलं बाहेर पडा, यांना साधं दार सापडेना." सगळे हसले. मी तेव्हा गप्प बसले, कारण पंगतीत वाद घालू नये असं आईने शिकवलंय. फेसबुकवर तसं काही शिकवलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझं म्हणणं एवढंच आहे. शोभा झाली हे खरं, पण २०१९ मध्ये झाली ती नुसती दिसली. झाली होती दोन वर्षं आधी, आणि तेव्हा कुणी हसलं नाही.

आधी आमच्या घरचं सांगते. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं, त्या दिवशी लंडन आणि आसपास धो धो पाऊस पडत होता. मी आणि नवरा एकाच छत्रीतून मतदानाला गेलो. आमच्याकडे तेव्हा भारतीय पासपोर्ट होता, तरी मत होतं, कारण इथे कायदेशीर राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना ते असतं. शेजारच्या पोलिश बाईंना मात्र नव्हतं. बारा वर्षं इथे राहून, कर भरून, युरोपियन युनियनच्या नागरिक असून! ज्यांच्या आयुष्यावर सगळ्यात जास्त परिणाम होणार त्या घरी, आणि आम्ही छत्री घेऊन रांगेत.

मी 'राहा'ला मत दिलं. नवऱ्याने 'सोडा'ला. म्हणजे दोघांनी मिळून शून्य. त्याचं कारण साधं होतं. युरोपातून येणारे कमी झाले की आपल्या लोकांना व्हिसा सोपा होईल, असं 'सोडा'वाल्यांच्या प्रचारात सांगत होते. त्याला आईला इथे आणायचं होतं. त्या मतपत्रिकेवर आईचा कुठे उल्लेख नव्हता. आयर्लंडचा नव्हता, कस्टम्स युनियनचा नव्हता. राहायचं की सोडायचं, एवढंच. ५१.९ टक्के म्हणाले सोडा, ४८.१ टक्के म्हणाले राहा. सोडून जायचं कुठे, हे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे कुणी सांगितलंही नाही.

इथे मला सासरची विहीर आठवते. फलटणकडे आमची थोडी जमीन आहे. आजेसासऱ्यांच्या पश्चात तीन भावांनी वाटण्या केल्या. घर कुणाचं, बैलजोडी कुणाची, आंब्याचं झाड कुणाचं, सगळं कागदावर आलं. विहीर एकच होती. पंच म्हणाले, विहिरीचं काय? तिघे म्हणाले, विहिरीचं नंतर बघू, आधी वेगळे तर होऊ. अंगठे उठले, पेढे वाटले. त्यानंतर पस्तीस वर्षं, पाळी कुणाची आणि मोटर कुणी किती वाजता बंद करायची, यावरून त्या घरात लग्नाकार्यालासुद्धा एकमेकांकडे कुणी गेलं नाही.

ब्रिटनची विहीर म्हणजे उत्तर आयर्लंडची सीमा. अलीकडे ब्रिटनचं उत्तर आयर्लंड, पलीकडे युरोपियन युनियनमधला स्वतंत्र आयर्लंड. सुमारे पाचशे किलोमीटरची. शेतांतून, गावांतून, कुठे कुठे एखाद्या घराच्या परसातून जाणारी. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर तिथल्या चौक्या, लष्कराचे मनोरे गेले. मैलांच्या पाट्या किलोमीटरच्या झाल्या की सीमा ओलांडली म्हणायचं, इतकंच. पण ब्रिटन कस्टम्स युनियनच्या आणि एकल बाजाराच्या (मालाचे नियम सगळ्यांना एकच) बाहेर पडलं की अलीकडचे नियम वेगळे, पलीकडचे वेगळे. मग माल तपासायचा कुठे? सीमेवर तपासला तर शांतता करारालाच धक्का. समुद्रात तपासला तर देशाच्या दोन भागांत भिंत. तपासायचाच नसेल, तर नियम सारखे ठेवा, म्हणजे पुरते बाहेर पडू नका. चौथा रस्ता नाही. सार्वमताच्या दोन आठवडे आधी जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर हे दोन माजी पंतप्रधान, एकमेकांचे जुने विरोधक, एकत्र उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला जाऊन हेच सांगून आले होते. लोकांनी त्याला भीती दाखवणं म्हटलं. विहिरीचं नंतर बघू.

आता २०१७. पंतप्रधान थेरेसा मे यांनी १७ जानेवारीला लँकेस्टर हाउसमध्ये भाषण केलं आणि जाहीर केलं की आपण एकल बाजारातूनही बाहेर पडणार आणि कस्टम्स युनियनमधूनही. हे कुणी ठरवलं? मतपत्रिकेवर नव्हतं, संसदेत मतदान नव्हतं. ५२ विरुद्ध ४८ या निकालाचा अर्थ त्यांनी १०० विरुद्ध ० असा लावला. मग ८ फेब्रुवारीला कलम ५० ची, म्हणजे युनियन सोडत असल्याची, नोटीस देण्याचा अधिकार देणारं विधेयक कॉमन्समध्ये, संसदेच्या खालच्या सभागृहात, शेवटच्या मतदानाला आलं आणि ४९४ विरुद्ध १२२ मतांनी पास झालं. मे यांच्या हुजूर पक्षाने मत दिलं, विरोधी मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनीही व्हिप काढून खासदारांना होकार द्यायला लावला. नोटीस दिली की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. २९ मार्च २०१७ ला नोटीस गेली. जूनमध्ये मे बाईंनी निवडणूक घेतली आणि होतं ते बहुमतही घालवून बसल्या. सरकार टिकवायला ब्रिटनपासून कुठलंही अंतर नको म्हणणाऱ्या, उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांचा टेकू घ्यावा लागला. सगळ्या जगात नेमका त्यांचाच.

ते आठ पर्यायांचं मतदान नोटीस देण्याआधी घ्यायला हवं होतं. काकांना मला हे सांगायचं होतं. दार उघडायच्या आधी कुठे जायचं ते ठरवतात. यांनी आधी गाडी बोलावली, मीटर चालू केलं आणि मग घरात पत्त्यावरून भांडण सुरू केलं.

मे यांनी युरोपियन युनियनशी केलेला बाहेर पडण्याचा करार आला तो ५८५ पानांचा. १५ जानेवारी २०१९ ला मतदान झालं तेव्हा सरकार २३० मतांनी हरलं, ४३२ विरुद्ध २०२. आधुनिक काळात इथल्या कुठल्याही सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नाही. मे यांच्या स्वतःच्या पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले.

इथे मतदान बटण दाबून होत नाही, हे भारतात बऱ्याच जणांना माहीत नसतं. घंटा वाजते, आठ मिनिटांत खासदारांनी 'हो'च्या किंवा 'नाही'च्या लॉबीत शिरायचं, मग दारं बंद, आणि एकेक डोकं मोजायचं. मजूर पक्षाच्या ट्युलिप सिद्दिक यांनी त्या दिवशी आपलं सिझेरियन पुढे ढकललं आणि व्हीलचेअरवरून मत द्यायला आल्या. आणि 'नाही'च्या लॉबीत कोण कोण होतं? मे यांच्याच पक्षातले कट्टर ब्रेक्झिटवाले जेकब रीस-मॉग, ज्यांना हा करार म्हणजे गुलामी वाटत होती. त्यांच्याच मागे-पुढे युरोपात राहायचंच म्हणणारे लोक. एकाच बोळातून, खांद्याला खांदा लावून. बाहेर येऊन दोघांनाही वाटलं आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्याच सभागृहाने त्याच सरकारवरचा अविश्वास ठराव १९ मतांनी फेटाळला. मंगळवारी तुमचं ऐकणार नाही, बुधवारी तुम्ही जाऊही नका! कोंडी म्हणतात ती हीच. पूर्वी पंतप्रधान अशा वेळी निवडणूक घेऊन मोकळे व्हायचे, पण २०११ च्या एका कायद्याने तेही अवघड करून ठेवलं होतं. मुदतीआधी निवडणूक हवी तर तेव्हा दोन तृतीयांश खासदार लागायचे. पुढे मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी तीनदा मागितली, तिन्ही वेळा मिळाली नाही.

मार्चमध्ये करार दुसऱ्यांदा आला, १४९ ने पडला. तिसऱ्यांदा तोच आणायला निघाले तर बर्काव यांनी १६०४ सालचा दाखला काढला की एकाच अधिवेशनात तोच प्रस्ताव पुन्हा पुन्हा आणता येत नाही. (१६०४! आपल्याकडे तेव्हा शहाजीराजे लहान होते.) २९ मार्चला, म्हणजे ज्या दिवशी खरं तर बाहेर पडायचं होतं त्याच दिवशी, कराराचा तेवढा भाग वेगळा काढून आणला. ५८ ने पडला. तीस माणसं इकडची तिकडे झाली असती तर झालं असतं. विरोधात मत देणाऱ्यांत अठ्ठावीस जण हुजूर पक्षाचे कट्टर ब्रेक्झिटवाले होते. म्हणजे ब्रेक्झिट अडवलं कुणी, तर ज्यांना ते सगळ्यात जास्त हवं होतं त्यांनी.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती, हेही लिहायला हवं. १ एप्रिलला पुन्हा मतदान झालं. कस्टम्स युनियनचा पर्याय तीन मतांनी पडला, २७३ विरुद्ध २७६. तीन! आणि पुन्हा सार्वमत होईल या आशेवर बसलेल्या कितीतरी जणांनी त्याला मत दिलं नाही, कारण अर्धी भाकरी घेतली तर अख्खी कोण देणार? पुढे अख्खी तर गेलीच. हे माझ्या बाजूचे लोक, म्हणून मला जास्त राग आहे. ४ एप्रिलला तर सभागृहाच्या छतातूनच पाणी गळायला लागलं आणि कामकाज तहकूब करावं लागलं.

त्या आठवड्यात मी जुन्या पाकिटाच्या पाठीवर ते आठ पर्याय मराठीत लिहिले आणि नवऱ्यासमोर ठेवले. म्हटलं, तू 'सोडा'ला मत दिलंस ना, आता यातलं कुठलं सोडणं तुला पाहिजे ते सांग. वीस मिनिटं तो बघत बसला. शेवटी दोन ठिकाणी खूण केली. एक कस्टम्स युनियनमध्ये राहा, दुसरी करार नसला तरी चालेल, निघा. मी म्हटलं, ही दोन एका वेळी होत नाहीत. म्हणाला, "मला संपवायचंय गं हे, कसंही." माझा नवरा बावळट नाही. तो १ कोटी ७४ लाखांपैकी एक आहे, आणि खासदार त्याचेच प्रतिनिधी होते.

म्हणून मला संसदेचा राग येत नाही. आपल्याकडे ११८ सोडा, एकाने व्हिप मोडला तरी राज्यघटनेच्या दहाव्या (पक्षांतरबंदीच्या) परिशिष्टाखाली खासदारकी जाऊ शकते. महाराष्ट्राला हे परिशिष्ट काय ते मी सांगायला नको, २०२२ पासून तुम्ही सगळे त्यात डॉक्टरेट केल्यासारखे आहात. इथे सप्टेंबरात जॉन्सन यांनी विरोधात गेलेल्या स्वतःच्या २१ खासदारांना पक्षाच्या गटातून काढलं. त्यात चर्चिलचा नातूही होता. पण पद कुणाचं गेलं नाही, उठून मत देण्याचा हक्क कुणाचा गेला नाही. जॉन्सन यांनी अधिवेशन पाच आठवडे संस्थगित केलं तर सुप्रीम कोर्टाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. भांडले, पण मतं मोजून भांडले.

कोंडी फुटली ती शेवटी एकदाच्या झालेल्या १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीने. हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा आल्या आणि जॉन्सन यांचा करार पास झाला. त्यात काय होतं? समुद्रातली सीमा. जी कुठलाही ब्रिटिश पंतप्रधान मान्य करणार नाही, असं मे यांनी २०१८ मध्ये सभागृहात सांगितलं होतं. ३१ ऑक्टोबर ही बाहेर पडायची पुढे ढकललेली तारीख घातलेली पन्नास पेन्सची सुमारे दहा लाख नाणी तोवर पाडून झाली होती, ती वितळवावी लागली. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं.

आणि ज्या डीयूपीने मे यांचा करार पाडायला हातभार लावला, त्यांच्या वाट्याला नेमकी ती सीमा आली. त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलफास्टच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या, सरकारातून अंग काढून घेतलं आणि दोन वर्षं तिथली विधानसभा चालू दिली नाही. कोंडी लंडनहून उठली आणि बेलफास्टला जाऊन बसली. तेवढ्यात इथे पंतप्रधान होऊन गेले जॉन्सन, मग ट्रस, मग सुनक. सासूबाईंचा व्हिसा काही सोपा झाला नाही.

३ फेब्रुवारी २०२४ ला ती विधानसभा पुन्हा भरली. शनिवार होता, नवरा कांदे चिरत होता. मी बातमी वाचून दाखवली की दोन वर्षांनी एकदाचे बसले, समुद्रातल्या तपासणीवर तडजोड झाली म्हणतात, पण निम्म्यांना ती मान्य नाही.

त्याने सुरी खाली ठेवली, बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "विहीर."