हे 2100 सालचं नाही, होऊन गेलेलं आहे

हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून समुद्राचं पाणी आम्लधर्मी होतंय, यावरचा लेख छान आहे पण त्यात शिंपल्यांवरचा परिणाम "2100 पर्यंत दिसू लागेल" असं म्हटलंय ते पटलं नाही. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर नेटार्ट्स बे इथे व्हिस्की क्रीक नावाची कालवांची (ऑयस्टर, म्हणजे एक प्रकारचे शिंपले) हॅचरी, म्हणजे पिल्लं तयार करायचं केंद्र आहे, तिथे 2007-08 लाच टाक्याच्या टाक्या पिल्लं मरायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं बॅक्टेरियाचा प्रॉब्लेम आहे, मग ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी पाणी तपासलं तेव्हा कळलं की उत्तरेचा वारा सुटला की खोल समुद्रातलं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येतं आणि तेच टाक्यांत जातं. हे पाणी आधीपासूनच वर येतं, पण आता त्यात आपल्या धुराचा कार्बनही मिसळलाय, त्यामुळे कवच बांधायला लागणारं कार्बोनेट आणखी कमी पडतं.

आणि कालवाचं पिल्लू पहिल्या दोन दिवसांतच पहिलं कवच बांधतं, तेही अंड्यातून मिळालेल्या एनर्जीवर. तेव्हा पाण्यात कार्बोनेट कमी असलं की सगळी ताकद कवचातच जाते, खायला शिकायच्या आधीच ते बिचारं संपतं. मोठी कालवं बघून "काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं!!

हॅचरीवाले आता पाणी सतत मोजतात, त्यात सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडाच टाकतात आणि त्यांचा धंदा सावरला. पण वरच्या वॉशिंग्टन राज्यातल्या विलापा बेमध्ये कालवं उघड्या खाडीत बीज सोडतात, तिथे सोडा कोण टाकणार?