पाऊण म्हणजे किती टक्के?

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या शाळेतल्या माझ्या मुलीच्या वहीचं एक पान घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं आणि पस्तावलो. 240 चे 35 टक्के काढायचे होते. तिने एक लांब पट्टी आखली, तिचे दहा सारखे भाग केले, प्रत्येकात 24 लिहिले, तीन भाग रंगवले आणि चौथ्याचा अर्धा. 72 आणि 12, झाले 84. थोरल्या भावाचं उत्तर मिनिटभरात आलं: "एवढं रंगवेपर्यंत आमची पोरं चार गणितं सोडवून मोकळी होतील."

भाऊ तिकडे भारतात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे गटावर त्याच्या शब्दाला वजन. मग नेहमीचा वाद पेटला, पाठांतर की आकलन. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हाही हेच झालं होतं. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर त्यामागचं कारण शांतपणे सांगत होत्या आणि आपण विनोद करत होतो. इथे बसून ते विनोद पुढे ढकलणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो.

या वादात इंग्लंडला फुकट मोठेपणा मिळतो, किंवा फुकट शिव्या. ही पट्टी इंग्रजांची नाहीच. ती सिंगापूरच्या शाळांत 1980च्या दशकात रुळली. शांघाय-सिंगापूरच्या धर्तीवर प्राथमिक गणित शिकवायला इंग्लंडच्या सरकारने 2016 मध्ये 41 दशलक्ष पौंड बाजूला काढले. आणि भावाला ठाऊक नव्हतं ते हे: याच इंग्लंडमध्ये चौथीच्या मुलांची पाढ्यांची परीक्षा 2022 पासून सक्तीची आहे. संगणकाच्या पडद्यावर 25 प्रश्न, बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंत, प्रत्येकाला सहा सेकंद. दोन वर्षांनी सहावीच्या अंकगणिताच्या पेपरला अर्धा तास मिळतो आणि कॅल्क्युलेटर मिळत नाही. म्हणजे पट्टीही आणि घोकंपट्टीही. यातलं एक निवडायचं असतं, हे आपण कुठून ठरवलं कोण जाणे.

माझं स्वतःचं गणित पाठांतरावर उभं आहे आणि त्याची मला लाज नाही. पण मुलगी एकदा अडली तेव्हा मी उघडा पडलो. दहा टक्के काढायला दहाने भागायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून वीस टक्के काढायला तिने विसाने भागलं. 240 चे 12. ही चूक जगभरची मुलं करतात आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ती तर्काला धरूनच आहे. मी म्हणालो, "अगं, गुणिले वीस, भागिले शंभर." तिने तसं केलं, 48 आले, आणि चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विसाने भागाकार. शाळेत बाईंनी पट्टीवरचा एक भाग रंगवून घेतला, मग त्याच्या शेजारचा, आणि विचारलं, "दहा टक्क्यांचे 24, मग वीस टक्के त्याहून कमी कसे?" एवढंच. माझं सूत्र बरोबर उत्तर देत होतं, पण तिचं उत्तर चूक का, हे ते सांगू शकत नव्हतं.

पट्टीचं खूळही होतं, तेही पाहिलंय. 17 टक्के काढायला कोणी पट्टी रंगवत बसलं तर भावाचंच खरं. तिथे दहा, पाच आणि दोन टक्के वेगवेगळे काढून मिळवावेत, तेही तोंडी. 240 चा दहावा भाग ज्याला चटकन सुचत नाही त्याची पट्टी म्हणजे चित्रकलेचा तास. मुलांनी काही महिन्यांत ती टाकून द्यावी, डोक्यात राहिली तरी पुरे.

पण मला खरी गंमत वाटते ती आपल्याच भाषेची. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत होते. आम्ही त्यांना घोकंपट्टीचा कळस मानून हसलो. आता पाहतो तर 'पाऊण' या शब्दातच पट्टी आहे: पादोन, म्हणजे एकातून पाव उणा. 240 चे 75 टक्के काढायला पंचाहत्तरने गुणायचं कशाला? चौथा भाग 60, तो कापा, 180. सव्वा म्हणजे 125 टक्के, दीड म्हणजे दीडशे. इंग्रजीत पाऊणला एक सुटा शब्द नाही. 'तीन चतुर्थांश' असं लांबून सांगावं लागतं. आपल्याकडे तो चार-पाच वर्षांच्या पोराच्याही तोंडी असतो, आणि टक्केवारीच्या धड्यात त्याला आत घ्यायचं मात्र आपण विसरतो. मुलीला पाऊण शिकवायला मला इथे वेगळी खटपट करावी लागली.

हे सगळं गटावर लिहिण्याऐवजी मी भावाला एक उदाहरण पाठवलं: 30 टक्के सूट जाऊन एका वस्तूचे 84 द्यावे लागले, तर मूळ किंमत किती? त्याने लगेच 120 कळवलं. म्हटलं, तुला नाही, वर्गाला विचार.

दोन दिवसांनी फोन आला. बऱ्याच मुलांनी 84 चे 30 टक्के काढून 84 मध्येच मिळवले होते, 109.20. "मग काय केलंस?" तो जरा थांबला आणि फळ्याचा फोटो पाठवला. पट्टीचे दहा भाग, सातांवर एक कंस, कंसाखाली 84, प्रत्येक भागात 12.

मुलीने फोटो मोठा करून पाहिला. म्हणाली, "काकांचे भाग सारखे नाहीयेत."