दुखत नाही ना? मग!

आपल्याकडे आजाराला मान हवा असेल तर त्याने एक तर दुखलं पाहिजे, नाहीतर थर्मामीटरमध्ये दिसलं पाहिजे. कंबर धरून कण्हणाऱ्याला पलंग मिळतो, ताप आलेल्याला मऊ भात नि मेतकूट. माझ्या उजव्या पापणीवर उगवलेल्या गाठीने यातलं काहीच केलं नाही. ती नुसती दिसायची. आरशात मला आणि बाकी वेळ सगळ्या मुंबईला.

आमच्या घरात तिची वाढ किराणा मालात मोजली गेली. आधी मोहरी, मग मूग, मग तूर. ती हरभऱ्याच्या दिशेने निघाली तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून, मला खिडकीपाशी उभं करून निकाल दिला, "रांजणवाडी आहे. खारकेची बी उगाळून लाव."

रांजणवाडी या विषयात आपल्याकडे अडाणी माणूस सापडायचा नाही. समोरच्या काकूंचा लवंगेवर विश्वास. लवंग उगाळून थेट पापणीवर! झणझणलं की गुण येतोय असं समजायचं. डोंबिवलीच्या आत्यांनी उपायाच्या आधी कारण शोधलं, "कुत्र्याला नको त्या वेळी बघितलं असशील." मी ज्या रस्त्याने मुलुंड स्टेशनला जाते, तिथे कुत्र्यांना योग्य वेळी बघणंच अवघड आहे, पण आत्यांशी वाद घालायचा नसतो. तळहातावर बोट खसाखसा घासायचं आणि गरम झालं की गाठीवर टेकवायचं, हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी उपाय. तो मी गाडीत करून पाहिला. समोरच्या बाईने तोंड वाकडं करून शेजारणीला सांगितलं, "बघ, चांगल्या घरातल्या दिसतात आणि तंबाखू मळतायत."

पावसाळ्याचे दिवस, त्यात डोळे येण्याची साथ. आमच्या लेडीज डब्यात एरवी चौथ्या सीटवरून भांडणं होतात; तिघींच्या बाकावर चौथी अर्धी टेकते आणि सीएसएमटीपर्यंत उरलेली अर्धी मिळवत राहते. माझ्या बाकावर मात्र चौथी सोडा, तिसरीही बसेना. मी उजवीकडे मान वळवली की अख्खी ओळ डावीकडे बघायची. डोळे आलेल्याच्या नजरेला नजर दिली की आपलेही येतात, ही समजूत कल्याणपासून पक्की आहे. साथ पसरते ती हात, रुमाल, टॉवेल यांतून, बघण्यातून नव्हे. आणि मुळात माझे डोळे आलेलेच नव्हते. हे मी पहिल्यांदा समजावून सांगायची. नंतर पाय पसरून बसायला लागले.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. तिने स्लिट लॅम्प नावाच्या डोळे तपासायच्या यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवायला लावली, प्रकाशाची फट डोळ्यात सोडली, पापणी उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "काकू, ही रांजणवाडी नाही. कॅलेझियन आहे."

"दुखत नाही हो पण."

"म्हणूनच."

रांजणवाडी म्हणजे जंतुसंसर्ग. बहुधा पापणीच्या केसाच्या मुळाशी येते, लाल होते, ठणकते, पिकते, फुटते आणि आठवडाभरात आटोपते. कॅलेझियनमध्ये पापणीच्या आतली तेलाची ग्रंथी तोंडाशी तुंबते. तेल बाहेर पडत नाही, आतल्या आत साठतं, मग त्याच्याभोवती सूज येऊन टणक गाठ होते. अशा ग्रंथी वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, म्हणून डोळ्यातलं पाणी लगेच उडून जात नाही. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. रात्री फोनवर शोधलं तर कळलं, हाइनरिक मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने त्यांचं वर्णन 1666 साली छापलं. म्हणजे इकडे महाराज आग्र्याहून सुटत होते त्या साली तो गृहस्थ पापण्या उलट्या करून बघत होता. प्रत्येकाची स्वारी वेगळी.

उपचार ऐकून मात्र मी खट्टू झाले. शेक! दिवसातून चार वेळा, दर वेळी दहा मिनिटं, नंतर बोटाने पापणीच्या कडेकडे हलका मसाज. फोडायची नाही, पिळायची नाही. आणि बेबी शॅम्पूचे थेंब पाण्यात कालवून पापणीची कड पुसायची. शॅम्पू घ्यायला गेले तर मेडिकलवाला कौतुकाने म्हणाला, "अरे वा, आजी झालात?" मी पैसे देऊन निघून आले.

दहा मिनिटं शेकायचं हे ऐकायला सोपं आहे. गरम पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणजे एक डोळा मिटून परत गॅसपाशी जायचं. सकाळी पाणी जायच्या आत भांडी, डबे, पिंप भरायची त्याच वेळेत पापणीही शेकायची. ऑफिसात पँट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये ओला रुमाल फिरवताना मला साहेबांनी पाहिलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तिथे 'फक्त खाद्यपदार्थ' अशी पाटी लागली. शोध लागला तो घरीच. कुकरमधून काढलेला उकडलेला बटाटा रुमालात गुंडाळला, मनगटावर लावून भाजत नाही ना ते बघितलं आणि मिटल्या पापणीवर ठेवला, की आतली ऊब अख्खी दहा मिनिटं टिकते. सासूबाईंना बटाटा पटला. त्यांच्या मते मी अखेर घरगुती उपायावर आले होते.

पुष्कळ गाठी अशा शेकाने काही आठवड्यांत विरघळतात. माझी विरघळेना. उलट संध्याकाळी स्टेशनवरचे इंडिकेटर उजव्या डोळ्याला जरा फराटलेले दिसायला लागले. डॉक्टर म्हणाली, गाठ मोठी झाली की वरून बुबुळावर दाब येतो, त्याचा आकार किंचित बदलतो, नंबर हलतो. आता एक तर गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर त्याने कधी कधी पांढुरका डाग राहतो. नाहीतर छेद देऊन साफ करायची.

घरी सभा बसली.

"दुखतंय का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग कापून कशाला घ्यायचं?"

या युक्तिवादापुढे वैद्यकशास्त्र हात टेकतं. आमच्या घरात याच न्यायाने गळका नळ वर्षभर गळतोय. "गॉगल लाव," असा तोडगाही निघाला. पण पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज होती. मुंजीचे फोटो पिढ्यान् पिढ्या राहतात आणि त्यात मावशी गॉगल लावून भिक्षा वाढताना दिसली असती. तारीख मीच घेतली. रजेच्या अर्जात 'नेत्रशस्त्रक्रिया' असं लिहिलं. खोटं काहीच नव्हतं.

शस्त्रक्रिया म्हणजे टेबलावर आडवं होऊन छताकडे बघत पडायचं. आधी डोळा बधिर करणारे थेंब. मग पापणीत लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची सुई. ती मात्र चांगली झोंबते. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला की चला, काहीतरी दुखलं एकदाचं. मग पापणीला एक चिमटा लावतात. त्याची एक बाजू सपाट, दुसरी कड्यासारखी गोल, मधे गाठ. स्क्रू पिळला की रक्त थांबतं आणि पापणी अलगद उलटी होते. छेद आतल्या बाजूने देतात, त्यामुळे बाहेर वण नाही, टाकेही नाहीत. आणि तो उभा देतात, कारण ग्रंथी एकमेकींशेजारी उभ्या असतात. आडवा दिला तर शेजारणीही कापल्या जायच्या. मग एका इवल्याशा धारदार चमच्याने आतलं खरवडून काढतात. दुखत नाही, पण ओढ कळते, आणि मुख्य म्हणजे ऐकू येतं. नारळ खवणाऱ्या बाईला तो आवाज ओळखायला सांगावं लागत नाही.

"झालं काकू," डॉक्टर म्हणाली. मी आत्ताशी सुरुवात झाली समजत होते. पुन्हा त्याच जागी आली तर तपासणीला पाठवू म्हणाली. वय वाढलं की परत परत येणाऱ्या गाठीची खात्री करून घ्यावी लागते. मलम घातलं, वर कापसाची जाड पट्टी चिकटवली आणि काही तासांनी काढा म्हणाली.

त्या पट्टीने काय चमत्कार केला म्हणता! इतके दिवस गाठ घेऊन हिंडले तर कुणी हूं की चूं केलं नाही. आता गाठ गेली होती, आणि रिक्षावाला खड्डे चुकवत होता. वॉचमनने उठून लिफ्टचं दार धरलं. समोरच्या काकूंनी "अगं बाई!" म्हणत तोंडावर हात ठेवला आणि संध्याकाळी साजूक तुपातला शिरा पाठवला. नवऱ्याने चहा केला. साखर विसरला, पण केला. आत्यांचा फोन आला, त्यांना सासूबाईंनी दबक्या आवाजात सांगितलं, "ऑपरेशन झालंय हो. डोळ्याचं. मोठं." मी पलंगावर पडून ऐकत होते. पट्टी काढायची वेळ टळून गेली तरी मला कुणी आठवण केली नाही, आणि मीही विषय काढला नाही. रात्री जेवणं झाल्यावर काढली. खाली नुसती काळीनिळी, जरा सुजलेली पापणी. सासूबाई निरखून म्हणाल्या, "एवढंच होय?" आणि सकाळचा डबा मीच भरला.

या डोळ्याच्या बाकीच्या पन्नास-साठ ग्रंथी शाबूत आहेत, म्हणजे त्यांतली कोणीही कधीही तुंबू शकते. म्हणून रोज एकदा तरी शेक घ्यायचा. हल्ली कुकरला एक बटाटा जास्तीचा लागतो. दहा मिनिटं पापणीवर ठेवला की सोलून, हिरवी मिरची-कोथिंबीर घालून त्याची सुकी भाजी करते. गाडीतल्या मैत्रिणी हल्ली माझ्याच बाकावर दाटीवाटीने चौथी सीट धरून बसतात आणि माझा डबा उघडायची वाट बघतात. काल एकीने रेसिपी विचारली. मी जिरं थोडं जास्त घालते म्हणून सांगितलं.