टॉवेल कशाला आणलेत?

शनिवारी सकाळी साडेनऊला दूध आणि तांदूळ आणायला खाली कोलोराडो स्प्रिंग्जला गेले. परत येताना गाव लागल्यापासून घराच्या दारापर्यंत पन्नास मिनिटं. पन्नास! चालत निघाले असते तर तेवढ्यात पोचून कुकर लावून झाला असता. अमेरिकेत, कोलोराडोच्या डोंगरातल्या मॅनिटू स्प्रिंग्ज या पर्यटकांच्या गावात राहणाऱ्या माणसाने उन्हाळ्यात शनिवारी गाडी काढू नये, एवढी अक्कल मला आतापर्यंत यायला हवी होती.

आमचं घर रक्स्टन अव्हेन्यूलगतच्या एका बोळात. हा रस्ता म्हणजे डोंगराच्या बेचक्यात घुसलेली चिंचोळी पट्टी. त्या एका पट्टीवर पाइक्स पीक या शिखरावर जाणारी दातेरी रुळांची गाडी, त्याच शिखरावर पायी जायच्या बार ट्रेल या वाटेची सुरुवात आणि ती इन्क्लाइन, तिन्ही. इन्क्लाइन म्हणजे पूर्वी केबलने ओढायची रेल्वे होती. १९९० साली दरड कोसळली, गाडी बंद पडली, रुळांखालचे ओंडके राहिले. आता त्यांच्याच पावणेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या झाल्यात. मैलभरसुद्धा अंतर नाही आणि चढ जवळजवळ दोन हजार फुटांचा. चढायला आधी नोंदणी करावी लागते, ती फुकट आहे. गाडी कुठे लावणार, याचा विचार मात्र वर पोचल्यावर सुचतो बहुतेक.

तर मी घामाघूम होऊन दारात पोचले आणि माझ्याच जागेत एक भलीमोठी पांढरी गाडी. काचेवर वायपरखाली चिठ्ठी: लवकरच येतो. पुढे हसरा चेहरा काढलेला. तो चेहरा बघून माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! अरे, कुणाच्या घरासमोर लावतोयस? मी गाडी खाली लांब कुठेतरी लावली आणि तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन चढ चढले. साहेब अडीच तासांनी उगवले, गुडघे धरून. सॉरी म्हणाले, आणि वर विचारतात, तुमचं बाथरूम वापरू का?

बरं, परक्यांचं एक वेळ सोडा. आपली माणसं!

डेन्व्हरहून, टेक्सासहून, पार पुण्याहून आलेली आपली माणसं. ‘स्प्रिंग्ज’ हा शब्द ऐकला की यांच्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरी उभी राहते. गेल्या महिन्यात नवऱ्याच्या नात्यातले पाच जण आले. गाडीतून उतरले ते खांद्यावर टॉवेल टाकून. काकांच्या हातात साबणाची डबीसुद्धा! ‘कुंड कुठाय गं?’

काका, इथे कुंड नाही. इथलं पाणी गार आहे. ते प्यायचं असतं. पाइक्स पीकच्या अंगाखांद्यावरचं पावसाचं, बर्फाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, चुनखडीतून क्षार उचलतं आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर फसफसत वर येतं. निसर्गाचा सोडा आहे हो तो! यूट, शायेन, अरापाहो ही इथली मूळ माणसं या झऱ्यांना पवित्र मानायची. १८७२ मध्ये गाव वसलं तेही याच पाण्याच्या नावावर. हे सगळं मी घसा खरवडून सांगितलं. पाचही जण ‘हो का’ म्हणाले आणि सेल्फी काढायला लागले.

मग चव. आयर्न स्प्रिंगला तोंड लावलं आणि काकूंनी पचकन बाजूला थुंकलं. मागे रांगेत एक म्हातारी मोठा कॅन घेऊन उभी होती, घरी प्यायचं पाणी भरायला आलेली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अहो, नावातच लोखंड आहे, गंजलेला खिळा चोखल्यासारखं लागणारच ना! प्रत्येक झऱ्याची चव वेगळी. ट्विन स्प्रिंगचं त्यातल्या त्यात गोडसर. त्यात लिंबू पिळा, साखर घाला, चिमूटभर मीठ, की असा लिंबू-सोडा होतो की गोटीसोडा विसराल. पण थांबायला वेळ कुणाला? ‘इनोसारखं लागतंय’ म्हणून झालं, चला पुढे, डोनट कुठे मिळतात?

सगळ्यात राग येतो तो पावसाळी दुपारी. २०१२ ला वॉल्डो कॅनियनचा वणवा झाला, डोंगर उघडे पडले, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये वरून चिखलपाण्याचा लोंढा गावात घुसला. गाड्या वाहून गेल्या. त्यामुळे आभाळ काळं झालं की इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आणि हे लोक ओढ्याच्या कडेला उभे राहून व्हिडिओ काढतात! मागे हो म्हटलं तर माझाच व्हिडिओ.

मी काही गर्दीच्या विरोधात नाही हं. ऑक्टोबरात शवपेट्यांची शर्यत असते, तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते, आणि मीच पुढे घुसून उभी असते. एमा क्रॉफर्ड नावाची मुलगी क्षयावर उतारा पडेल म्हणून इथे आली, १८९१ मध्ये गेली, तिला डोंगरावर पुरलं, आणि १९२९ मध्ये पावसाने तिची पेटी खाली वाहून आणली. तिच्या नावाने लोक चाकं लावलेल्या पेट्या पळवतात. त्या दिवशी गाडी काढायची नाही हे ठरलेलंच असतं. डोक्याला शांती.

आत्ताच काकांचा फोन येऊन गेला. त्यांचे साडूभाऊ येतायत, शनिवारीच. मी स्पष्ट सांगितलं: मंगळवारी या. गाडी खालीच लावा, बस वर आणून सोडते. लिंबं घेऊन या, इथे महाग पडतात. आणि टॉवेल आणलेत तर त्यानेच माझी गाडी पुसून घेईन.