मतदानाला न जाणे हा निषेध ठरत नाही

निवडणूक जाहीर झाली की मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश नेमाने फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. लाखोंच्या मतदारसंघात एका मताला काही किंमत नाही, सगळे पक्ष सारखेच असून निवडून आलेले लोक पुढे कोणाच्याही दावणीला जातात, म्हणून घरी बसणे किंवा ‘नोटा’चे बटण दाबणे हाच खरा निषेध, शहराचा कारभार तसाही अधिकारी आणि न्यायालयेच चालवतात, आणि आजवर जे काही बदलले ते रस्त्यावरच्या आंदोलनाने बदलले, मतपेटीने नव्हे. शेवटी बहुधा ‘चॅलेंज व्होट’ आणि ‘टेंडर व्होट’ यांविषयीची, कायदेशीर भासणारी एक पुस्तीही जोडलेली असते. हा मजकूर पुढे पाठवणारे सगळेच बेफिकीर नसतात. त्यांतील अनेक जण मनापासून वैतागलेले असतात, आणि म्हणूनच त्यांच्या मुद्द्यांना वरवरच्या आवाहनाने नव्हे, तर वस्तुस्थितीने उत्तर दिले पाहिजे.

एका मताला किंमत नाही, या म्हणण्याचे उत्तर मुंबईनेच २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देऊन ठेवले आहे. उत्तर-पश्चिम मुंबई मतदारसंघात रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते मिळाली. निकाल ४८ मतांनी लागला. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की केवळ यंत्रांवरची मते पाहिली तर कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर पारडे फिरले. याच मतदारसंघात १५ हजारांहून अधिक मतदारांनी ‘नोटा’चे बटण दाबले होते आणि सतरा लाखांहून अधिक नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ४५ टक्के मतदार केंद्राकडे फिरकलेच नव्हते. म्हणजे एकूण मतदारांच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या पाठिंब्यावर खासदार ठरला. हा दोष विजयी उमेदवाराचा नाही; नियम सगळ्यांना सारखाच होता. परंतु जे घरी राहिले त्यांनी आपले मत राखून ठेवले असे मुळीच झाले नाही, उरलेल्यांच्या प्रत्येक मताचे वजन मात्र त्यांनी वाढवले.

महापालिकेच्या निवडणुकीत तर मतदारसंघ आणखी लहान असतो. २०१७ मध्ये प्रभाग क्रमांक २२० मध्ये भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना समान मते पडली आणि नगरसेवक कोण हे चिठ्ठी टाकून ठरवावे लागले. त्या वेळी सभागृहात शिवसेनेचे ८४ आणि भाजपचे ८२ असे बळ होते, हे ध्यानात घेतले तर एका प्रभागातील एका मतदाराच्या अनुपस्थितीचे मोल कळते.

अर्थात असे निकाल विरळच लागतात, आणि केवळ त्यांच्या आधारावर मतदानाचे समर्थन करणे अपुरे ठरेल. माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. मताचा उपयोग विजेता ठरवण्यापुरता नसतो. तो किती अंतराने जिंकला आणि कोणत्या वस्तीने त्याला काय दिले, याचीही नोंद मतदानातूनच होते आणि पुढची पाच वर्षे तीच नोंद लोकप्रतिनिधीच्या वागण्याला लगाम घालते. लोकसभा किंवा विधानसभेच्या निकालानंतर ‘फॉर्म २०’ नावाचा तक्ता प्रसिद्ध होतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रासमोर प्रत्येक उमेदवाराची मते ओळीने लिहिलेली असतात. पक्षाचे कार्यकर्ते हा तक्ता मतदार यादीशेजारी ठेवून केंद्रागणिक वाचतात. समजा, एका केंद्रावर हजार नावे असलेली चाळ आहे आणि तिथून साडेसातशे मते पडली. समोरच्या केंद्रावर तितक्याच नावांचे उंच मनोरे आहेत आणि तिथून तीनशेच मते पडली. आमदाराच्या कार्यालयात पाण्याची तक्रार दोन्हीकडून आली, तर आधी कोणाचा फोन उचलला जाईल हे सांगायला कोणा राजकीय पंडिताची गरज नाही. हे चित्र मला आवडते असे नाही, परंतु ते खरे आहे, आणि मनोऱ्यांतल्या लोकांनी स्वतःच्या हाताने रंगवलेले आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कुलाबा मतदारसंघात सुमारे ४४ टक्के मतदान झाले. त्याच दिवशी गडचिरोली जिल्ह्यात, जिथे सुरक्षेच्या कारणास्तव मतदानाची वेळ दुपारी ३ वाजताच संपत होती, ते ७० टक्क्यांच्या पुढे गेले.

सगळे पक्ष सारखेच आणि निवडून आल्यावर कोण कुठे जाईल याचा नेम नाही, हा संदेशातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि महाराष्ट्रातील मतदाराने तो बोलून दाखवला तर त्याला दोष देता येणार नाही. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले, २००३ मध्ये एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीची पळवाट बंद झाली, तरीही २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि अपात्रतेचे वाद विधानसभा अध्यक्षांच्या दालनात व न्यायालयात दीर्घकाळ रेंगाळले. मतदाराचा कौल मध्येच वळवला गेला, ही भावना अनेकांच्या मनात खोलवर रुजली आहे. मात्र त्यानंतर काय घडले तेही पाहायला हवे. जून २०२४ मध्ये लागलेल्या निकालात राज्यातील ४८ लोकसभा जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या. अवघ्या सहा महिन्यांत त्याच राज्याने विधानसभेत महायुतीला २३० च्या घरात नेऊन बसवले. यांतला कोणता कौल योग्य, यावर वाचकांचे मतभेद असतील आणि असावेत. परंतु फुटीनंतरचे न्यायनिवाडे रखडलेले असताना, दोन्ही बाजूंच्या नेत्यांची झोप उडावी असा निवाडा वर्षभरात दोनदा देण्याचे काम ज्यांनी केले, ते केंद्रावर गेलेले मतदार होते.

सगळे सारखेच असतील, तर सत्तेचा समतोल राखण्यासाठी मतदान अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण माणसे सारखी असली तरी त्यांच्यावरचा अंकुश सारखा राहत नाही. विधानसभेच्या त्याच निकालात २८८ पैकी एक दशांश, म्हणजे २९ जागा विरोधातील कोणत्याही एका पक्षाला मिळाल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेतेपदाचा प्रश्न अडकून राहिला. लोकसभेत २०१४ आणि २०१९ मध्ये काँग्रेसला अनुक्रमे ४४ आणि ५२ जागा मिळाल्याने ते पद दहा वर्षे रिकामे होते. २०२४ मध्ये ९९ जागा मिळाल्यावर ते भरले गेले. लोकपाल, केंद्रीय दक्षता आयुक्त, मुख्य माहिती आयुक्त आणि आता निवडणूक आयुक्त यांच्या निवड समित्यांत विरोधी बाकांवरील एका नेत्याची खुर्ची असते, आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्याला कितपत वजन आहे हे आकड्यांवरून ठरते. डिसेंबर २०२४ मध्ये एकत्रित निवडणुकांसाठीचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत २६९ विरुद्ध १९८ मतांनी मांडले गेले. मांडायला साधे बहुमत पुरले, मंजूर करायला उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते, आणि विधेयक संयुक्त समितीकडे गेले. हे विधेयक कोणाला हवे असेल, कोणाला नको असेल; चर्चेला वेळ मिळाला तो मतदारांनी घडवलेल्या संख्याबळामुळे.

घरी बसणे हा निषेध आहे, हे म्हणणे तर कायद्यापुढे टिकतच नाही. आपल्याकडे निवडणूक वैध ठरण्यासाठी किमान मतदानाची अट नाही. एप्रिल २०१७ मध्ये श्रीनगर लोकसभेच्या पोटनिवडणुकीत सुमारे ७ टक्केच मतदान झाले, तरी तिथून रीतसर खासदार निवडून आला. ‘नोटा’ची गोष्ट थोडी निराळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ते बटण यंत्रावर आले, आणि नाराजी गुप्तपणे नोंदवण्याचा तो सन्माननीय मार्ग आहे. परंतु लोकसभा व विधानसभेत ‘नोटा’ला कितीही मते पडली तरी उमेदवारांपैकी ज्याची मते सर्वाधिक तोच निवडून येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘नोटा’ सर्वांच्या पुढे गेल्यास एकदा फेरनिवडणूक घेण्याची तरतूद केली आहे. तिचा लाभ घ्यायचा तरी रांगेत उभे राहावेच लागते.

कारभार अधिकारीच चालवतात, असे म्हणणाऱ्यांनी मुंबई महापालिकेची अलीकडची वर्षे आठवावीत. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या वादात निवडणूक अडकली, आणि ती १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली जवळपास चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे होते. अर्थसंकल्प प्रशासनाने मांडायचा आणि प्रशासकाने मंजूर करायचा. २०२५-२६ चा तो अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा होता आणि त्यातल्या एका रुपयाविषयीही सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा मुंबईकरांचा प्रतिनिधी नव्हता. अधिकारी चांगले होते की वाईट, हा प्रश्न गौण आहे. तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन विभाग कार्यालयात गेलेल्या माणसाला तिथे भेटणाऱ्या अधिकाऱ्याची बदली, बढती किंवा पुढची खुर्ची त्या माणसावर अवलंबून नव्हती, नगरसेवकाची असते. नगरसेवकांवर आपण कितीही चिडत असलो, तरी चिडायला समोर कोणी असणे ही छोटी गोष्ट नाही. आणि न्यायालयांचे म्हणाल, तर रखडलेल्या निवडणुका घ्या, असे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बजावले. न्यायालयाने कारभार स्वतःकडे घेतला नाही, तो मतदारांकडे परत पाठवला.

आंदोलन की मतदान, अशी निवड करायला लावणारा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो मुंबईत बसून मांडला जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शहराच्या रस्त्यांवर गोळ्या झेलल्या गेल्या. हुतात्मा चौकातले स्मारक त्याची साक्ष आहे. पण तेवढ्या बलिदानानंतरही १ नोव्हेंबर १९५६ रोजी पदरात पडले ते द्विभाषिक राज्य. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला; कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेत गेले, आचार्य अत्रे दादरमधून विधानसभेत गेले आणि खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमध्ये अगदी काठावर निवडून आले. ज्या मागणीला दंगल म्हणून उडवून लावता येत होते, तिला मतमोजणीनंतर तसे म्हणता येईना, आणि १ मे १९६० उजाडला. आंदोलकांनी १९५७ मध्ये मतदानावर बहिष्कार घातला असता तर काय झाले असते, याचा विचार संदेश पाठवणाऱ्यांनी करून पाहावा. पुढे १९६७ मध्ये मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणवले जाणारे केंद्रीय मंत्री स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबईत हरवले. १९७७ मध्ये आणीबाणीनंतर मुंबईतील सहाही लोकसभा जागा काँग्रेसने गमावल्या, आणि त्या निवडणुकीतून आलेल्या संसदेने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे सैल कारण काढून त्या जागी ‘सशस्त्र बंड’ घातले. तुरुंगवास अनेकांनी सोसला होता, पण राज्यघटनेतले ते शब्द बदलले मतांनी.

मतदारांची एक तक्रार मात्र पूर्णपणे खरी आहे. २० मे २०२४ रोजी मुंबईत अनेक केंद्रांवर उन्हात तासन् तास रांगा लागल्या, मोबाइल कुठे ठेवायचा याचा घोळ झाला आणि कित्येक जण कंटाळून परत गेले. त्याविषयी आरडाओरड झाली म्हणूनच पुढे गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारात केंद्रे वाढली आणि केंद्राबाहेर मोबाइल जमा करण्याची सोय करण्याचा निर्णय आयोगाने घेतला. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी देणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नुसार बंधनकारक आहे, हेही दुकानांत काम करणाऱ्या अनेकांपर्यंत अजून पोहोचलेले नाही.

राहिली ती संदेशाखालची पुस्ती. यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागावे, आपले मत आधीच कोणी टाकले असेल तर ‘टेंडर व्होट’ द्यावे, आणि एखाद्या केंद्रावर अशी मते १४ टक्क्यांवर गेली की तिथे फेरमतदान होते, असे तिच्यात म्हटलेले असते. यातले मधले वाक्य तेवढे बरोबर आहे. निवडणूक नियमांतील ४९-प नुसार अशा मतदाराला कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येते. मात्र ते पाकिटात बंद राहते आणि नेहमीच्या मतमोजणीत धरले जात नाही. १४ टक्क्यांचा कोणताही नियम नाही. ‘चॅलेंज’ म्हणजे मतदाराच्या ओळखीला उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने दोन रुपये भरून घेतलेला आक्षेप. यादीत नाव नसलेल्याला मत देण्याची ती वाट नव्हे. नाव नसेल तर त्या दिवशी केंद्रावर काहीही करता येत नाही, आणि या पुस्तीवर विसंबून लोक निर्धास्त राहतात हा तिचा खरा अपाय आहे. लोकसभा व विधानसभेसाठी उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवे नाव घालता येत नाही. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीला तर १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी वापरली गेली, त्यामुळे त्या पावसाळ्यानंतर दहिसरहून दादरला राहायला आलेल्या माणसाचे नाव दादरच्या यादीत असणे शक्यच नव्हते. नव्या नावासाठी फॉर्म ६ आणि पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ वर्षभर भरता येतो, आणि आपला भाग क्रमांक कोणता व त्याचा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी कोण, हे निवडणूक नसतानाही विचारता येते.